सायकल मिळाली, शर्यत कधी?

चेन्नईच्या तिरुवान्मियूर भागातून ईस्ट कोस्ट रोड दक्षिणेकडे निघतो. मुत्तुकाडूची खाडी, कोवलम, मगरींचे उद्यान, महाबलीपुरम, कल्पक्कम, मरक्काणमची मिठागरे असे करत तो पुदुच्चेरीला पोहोचतो. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. रस्ता सपाट, डाव्या हाताला समुद्र. रविवारी पहाटे, ऊन आणि मोटारी यायच्या आधी, या रस्त्यावर हेल्मेट घातलेल्या सायकलस्वारांचे घोळके दिसतात. त्यांत डॉक्टर असतात, संगणक कंपन्यांत नोकरी करणारे असतात आणि बायकाही असतात. महाबलीपुरमपर्यंत जायचे, इडली-वडा आणि फिल्टर कॉफी घ्यायची आणि परत फिरायचे, एवढाच बहुतेकांचा बेत.

पण हे दीडशे किलोमीटर लक्षात ठेवण्यासारखे आहेत. बायकांच्या जगातल्या मोठ्या एकदिवसीय सायकल शर्यती जवळपास एवढ्याच लांबीच्या असतात. टोकियो ऑलिम्पिकमधली महिलांची शर्यत १३७ किलोमीटरची होती, तर २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधली १५८ किलोमीटरची. पॅरिसची शर्यत अमेरिकेच्या क्रिस्टेन फॉकनरने ३ तास ५९ मिनिटांत जिंकली. चेन्नईहून पुदुच्चेरीला जाणाऱ्या साध्या बसलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो!

सायकलची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येते ती ताकदीची चढाओढ. जिच्या पायात जास्त जोर, ती पुढे. प्रत्यक्षात एकदिवसीय शर्यत हा ताकदीपेक्षा डोक्याचा खेळ आहे. त्यात खरा शत्रू असतो वारा. पुढच्या सायकलच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिले, तर मागचीचे जवळजवळ एक तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून सगळ्या जणी एकमेकींना चिकटून, घोळक्याने धावतात. जी पुढे राहते ती वारा झेलते आणि दमते. जी मागे राहते ती ताजीतवानी राहते, पण फार मागे राहिली तर पुढे काय चालले आहे तेच तिला कळत नाही.

ईस्ट कोस्ट रोडवर अशी शर्यत झालीच, तर तिचा निकाल चढावर लागणार नाही, कारण तिथे चढच नाही. तो लावेल समुद्रावरचा वारा. ऊन चढले की तो डावीकडून आडवा येऊ लागतो. अशा वेळी अनुभवी संघ सरळ रांग मोडून तिरकी रांग धरतो. पहिली सायकल रस्त्याच्या डाव्या कडेला, दुसरी तिच्या मागे किंचित उजवीकडे, तिसरी आणखी उजवीकडे, असा पंख्यासारखा आकार तयार होतो. रस्त्याची रुंदी संपली की रांगेतली जागाही संपते. ज्यांना जागा मिळाली नाही त्या उजव्या कडेला एकामागे एक लटकतात, कोणाचाच आडोसा नसल्यामुळे एकेक करून तुटत जातात. डोंगर नसलेल्या नेदरलँड्स आणि बेल्जियममधून इतक्या नामांकित सायकलपटू येतात, याचे एक कारण हेच आहे. लहानपणापासून त्या वाऱ्याशी वाटाघाटी करायला शिकतात.

न दिसणारे काम

मोठ्या एकदिवसीय शर्यतीत साधारणपणे एका संघात सहा जणी असतात. जिंकायचे कोणी, हे बहुधा आधी ठरलेले असते. उरलेल्या पाच जणी तिच्यासाठी राबतात. फ्रेंच भाषेत अशा खेळाडूला 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे चक्क घरगडी. बायकांच्या शर्यतीत मोलकरीण म्हणायला हरकत नाही. ती संघाच्या मोटारीपर्यंत मागे जाते, पाठीच्या खिशांत आणि जर्सीच्या आत पाण्याच्या बाटल्या कोंबते आणि पुन्हा धापा टाकत घोळका गाठून सगळ्यांना पाणी वाटते. प्रमुख खेळाडूचे चाक पंक्चर झाले, तर स्वतःचे चाक काढून देते. प्रतिस्पर्धी पळाली की तिचा पाठलाग करून दमते आणि शेवटचे काही किलोमीटर राहिले की बाजूला होते. निकालाच्या यादीत तिचे नाव साठाव्या किंवा सत्तराव्या क्रमांकावर असते, कधी नसतेही.

घरकाम करणाऱ्या बाईला हे वर्णन ओळखीचे वाटेल. फरक एवढाच की सायकलच्या जगात या कामाला पगार आहे आणि जिंकलेले बक्षीस संघात वाटून घेण्याचा रिवाजही आहे. अर्थात पगार आला तोही अगदी अलीकडे. पुरुषांची रस्त्यावरची शर्यत १८९६ च्या पहिल्याच आधुनिक ऑलिम्पिकमध्ये झाली. बायकांना जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत १९५८ मध्ये प्रवेश मिळाला आणि ऑलिम्पिकमध्ये १९८४ साली, म्हणजे पहिल्या शर्यतीनंतर ८८ वर्षांनी. सर्वोच्च श्रेणीच्या महिला संघांना किमान वेतन देण्याचा नियम जागतिक संघटनेने २०२० मध्ये लागू केला. सुरुवातीची रक्कम होती वर्षाला १५ हजार युरो. २०२३ मध्ये ती ३२ हजारांवर गेली. बाळंतपणाच्या रजेची तरतूदही याच काळात करारात आली. त्याआधी कितीतरी जणी दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करत आणि शर्यतीला स्वतःच्या खर्चाने जात.

बक्षिसांतला फरक तर डोळ्यांत खुपावा असा. फ्रान्समधली पॅरिस-रूबे ही पुरुषांची शर्यत १८९६ पासून होते. तिच्या वाटेत जुन्या दगडी फरसबंदीचे पट्टे लागतात. सायकल त्यांवर इतकी आदळते की हात सुन्न होतात. 'हे बायकांना झेपणार नाही' असे म्हणण्यात सव्वाशे वर्षे गेली. अखेर २ ऑक्टोबर २०२१ ला महिलांची पहिली पॅरिस-रूबे झाली. तिचे अंतर होते ११६ किलोमीटर. विजेतीला मिळाले १,५३५ युरो, म्हणजे त्या वेळच्या दराने सव्वा लाख रुपयांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी त्याच शर्यतीतल्या पुरुष विजेत्याला मिळाले ३० हजार युरो, पंचवीस लाख रुपयांहून अधिक. महिला विजेतीच्या संघाने आपल्या खिशातून फरक भरून काढला, ही गोष्ट वेगळी.

ती विजेती होती इंग्लंडची लिझी डेग्नन. तिची कहाणी सांगण्यासारखी आहे.

त्या दिवशी लिझी जिंकायला उतरलीच नव्हती. संघाच्या प्रमुख दुसऱ्याच होत्या. तिचे काम होते पहिल्या दगडी पट्ट्यापाशी पुढे राहून त्यांना सांभाळायचे. ती पुढे गेली, मागे वळून पाहते तर कोणीच नाही. पाऊस पडून चिखल झालेला, अंतर ८० किलोमीटरहून जास्त उरलेले. तिने तसेच एकटीने रेटले. मागे राहिलेल्या तिच्या सहकारी आता पाठलागात भाग घेईनात, कारण पुढे त्यांचीच मैत्रीण होती. हातमोजे न घातल्याने तळहात सोलून निघाले आणि हँडलला रक्त लागले. शेवटी ती पहिली आली. तिच्याच संघाची एलिसा लोंगो बोर्गिनी तिसरी आली. लिझीची मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. या संघाने तिला करारबद्ध केले होते तेही ती गरोदर असताना.

आता हिचा चेन्नईशी किंवा आपल्याशी काय संबंध? एक तर ही लिझी भारतात धावलेली आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत रस्त्यावरच्या शर्यतीत तिने रौप्यपदक मिळवले होते, तेव्हाच्या लिझी आर्मिटस्टेड या माहेरच्या नावाने. आणि दुसरे, जास्त महत्त्वाचे म्हणजे ती या खेळात आली कशी. २००४ साली ती यॉर्कशायरमधल्या ओटली या लहान गावात शाळेत शिकत होती. वय वर्षे पंधरा. शर्यतीच्या सायकलशी तिचा काही संबंध नव्हता. ब्रिटिश सायकलिंग संघटनेची माणसे होतकरू खेळाडूंच्या शोधात सायकली घेऊन तिच्या शाळेत आली. मुलामुलींना सायकलवर बसवले, कोण किती जोरात जाते ते मोजले. त्या मोजणीत लिझी सापडली. आठ वर्षांनी लंडन ऑलिम्पिकमध्ये यजमान देशाला पहिले पदक तिनेच मिळवून दिले आणि २०१५ मध्ये ती जगज्जेती झाली.

तमिळनाडूच्या शाळांतल्या सायकली

शाळेतल्या मुलींना सायकली देण्यात तमिळनाडूचा हात धरणारी राज्ये थोडी. २००१-०२ मध्ये तिथे अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींना मोफत सायकल देण्याची योजना सुरू झाली. पुढे ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या सगळ्याच विद्यार्थ्यांना लागू झाली. सायकल मिळते ती अकरावीत. हेतू साधा आहे. गावात दहावीपर्यंतच शाळा, पुढची शाळा पाच-सात किलोमीटरवर, बसचा भरवसा नाही, म्हणून मुलगी घरी बसते. ती बसू नये. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्या योजनेचा अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. नुसत्या दोन चाकांनी एवढे काम केले.

अकरावीतली मुलगी सोळा वर्षांची असते. सायकलिंगच्या जागतिक नियमांप्रमाणे १७ आणि १८ या वयाच्या मुली 'ज्युनियर' गटात धावतात. म्हणजे युरोपातली मुलगी ज्या वयात पहिल्या आंतरराष्ट्रीय शर्यतीची तयारी करते, नेमक्या त्याच वयात तमिळनाडूतल्या मुलीच्या हातात स्वतःची अशी पहिली सायकल येते. ती रोज दहा-बारा किलोमीटर चालवते, पुष्कळदा मागे मैत्रिणीला बसवून. योजनेची जबाबदारी शाळेच्या फाटकाशी संपते, आणि तिच्या हेतूकडे पाहता त्यात काही गैर नाही. पण राज्यभर एवढ्या मुली दोन वर्षे रोज पेडल मारत असतात, त्यांतली एखादी इतरांपेक्षा फार वेगाने जात असेल, तर ते कोणी मोजावे, याची व्यवस्था त्या योजनेत नाही. बारावी झाली की अनेक घरांत सायकल धाकट्या भावाकडे जाते आणि मुलीचे पेडल मारणे तिथेच थांबते.

याच राज्यात कधी काळी फार वेगळे दृश्य दिसले होते. मराठी माणसाला तंजावर ठाऊक असते. त्याला लागून दक्षिणेला पुदुक्कोट्टै जिल्हा आहे, गरीब आणि कोरडवाहू. तिथे १९९१ मध्ये साक्षरतेची 'अरिवोळी' चळवळ सुरू झाली. वर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्या बायकांना गावोगाव जायचे होते आणि वाहन नव्हते. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणे हा साक्षरतेचाच भाग ठरवला. सायकल घेण्यासाठी बँकांकडून कर्जे मिळवून दिली. मग कार्यकर्त्याच काय, शेतमजूर, दगडखाणीतल्या मजूर, अंगणवाडी सेविका, शिक्षिका, अशा सगळ्याच शिकायला लागल्या. टोमणे भरपूर मिळाले. तरी पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वेळी लिहिल्याप्रमाणे लाखाच्या घरात बायका सायकल शिकल्या. दहा वर्षांखालच्या मुली सोडल्या, तर जिल्ह्यातल्या ग्रामीण बायकांपैकी चौथा हिस्सा! त्यांतल्या ७० हजारांहून अधिक बायकांनी जाहीर प्रात्यक्षिकांत आणि स्पर्धांत आपले कौशल्य दाखवले.

गंमत म्हणजे लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढे पुष्कळ जणींना त्याच आवडू लागल्या, कारण सीटपासून हँडलपर्यंतच्या दांडीवर मूल बसवता येते. याच सायकलवरून त्या पाणी आणत, माल विकायला नेत, मुलांना शाळेत सोडत. शर्यतीतल्या 'घरगड्या'चे काम त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

पुदुक्कोट्टैच्या त्या स्पर्धा म्हणजे व्यावसायिक शर्यती नव्हेत, हे उघड आहे. पण ज्या राज्यात ७० हजार बायका सायकलवर चारचौघांसमोर उतरल्या, तिथे बायका लाजतात, घरचे सोडत नाहीत, हवा उष्ण आहे, ही कारणे सांगण्यात फारसा अर्थ उरत नाही. चेन्नईच्या अंबत्तूर भागातली टीआय सायकल्स ही कंपनी १९४९ सालची. हर्क्युलिस आणि बीएसए या तिच्या सायकली देशभर घराघरांत गेल्या. मुलींसाठीची 'लेडीबर्ड' तिचीच. सायकल बनवणारे शहर आहे, मुलींना सायकली वाटणारे सरकार आहे, दीडशे किलोमीटरचा रस्ताही आहे. शर्यतीसाठी लागतो तो चार-पाच तासांचा मोकळा रस्ता, डझनभर संघ पोसणारे प्रायोजक आणि दर वर्षी, न चुकता, ठरल्या तारखेला ती भरवण्याची चिकाटी. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड असते. इटलीतल्या मिलान-सान रेमो शर्यतीचेच पाहा. महिलांची शर्यत १९९९ मध्ये सुरू झाली, २००५ नंतर बंद पडली आणि पुन्हा भरली ती थेट २०२५ मध्ये. मधल्या वीस वर्षांत ज्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना ती मिळालीच नाही.

उशीर झालेल्या दोघी

सोळाव्या वर्षी पहिली सायकल हाती आली म्हणजे उशीर झाला का? दोन ऑलिम्पिक विजेत्यांकडे पाहिले तर तसे वाटत नाही. पॅरिसमध्ये जिंकलेली क्रिस्टेन फॉकनर हार्वर्डमधून पदवी घेऊन गुंतवणूक क्षेत्रात नोकरी करत होती. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बायकांना सायकलिंगची तोंडओळख करून देणारा वर्ग चालत असे, त्यात ती गेली. वय २४. सात वर्षांनी सुवर्णपदक. त्या ऑलिम्पिक शर्यतीसाठी तिची मूळ निवडसुद्धा झालेली नव्हती. दुसऱ्या खेळाडूने जागा सोडली म्हणून ती उतरली.

टोकियोची अ‍ॅना कीझनहोफर त्याहून वेगळी. ऑस्ट्रियाची ही बाई गणितात पीएच.डी. झालेली, स्वित्झर्लंडमधल्या संस्थेत संशोधन करणारी. त्या वेळी तिच्याकडे कोणत्याही व्यावसायिक संघाचा करार नव्हता. प्रशिक्षण आणि आहार यांचे आराखडे ती स्वतःच बनवत असे. शर्यत सुरू होताच ती आणखी चौघींबरोबर पळाली. उरलेले ४० किलोमीटर एकटीने काढले. ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या कानात रेडिओ नसतो. पाठलाग करणाऱ्या नेदरलँड्सच्या बलाढ्य संघाने पळालेल्या दोघींना गाठले आणि आता पुढे कोणी नाही असे समजले. अ‍ॅनेमीक फान फ्ल्यूटेनने शेवटच्या रेषेवर विजयाने हात उंचावले. तिला नंतर कळले की सव्वा मिनिटापूर्वीच एक जण पोहोचलेली आहे.

महाराष्ट्राचे चित्र थोडे बरे आहे. सायकलींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यात शाळा-कॉलेजांत सायकलने जाणाऱ्या मुलींचे कोणाला कधी नवल वाटले नाही. मुंबई-पुणे शर्यत आणि तिच्यातला बोरघाटाचा चढ पिढ्यान् पिढ्या गाजले, पण 'घाटाचा राजा' हा किताबच सांगतो की ती कोणाची शर्यत होती. कोल्हापूरकडच्या पूजा दानोळेने २०२० मध्ये गुवाहाटीच्या खेलो इंडिया स्पर्धेत सायकलिंगची सुवर्णपदके मिळवली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विशीत असताना, सुमारे २९ हजार किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा सायकलवरून पूर्ण केली. शर्यत नव्हे, पण जिद्द तीच.

मुलीला या वाटेला लावायचे असेल, तर सुरुवातीला लाखाची सायकल नको. शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये असा जागतिक नियम आहे. शाळेची साधी सायकल त्याच्या दुप्पट-तिप्पट जड असते, पण पायांना आणि दमाला सवय लावायला ती पुरते. सीटची उंची मात्र नीट लावून घ्यावी. पेडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. बहुतेक मुलींच्या सीट फार खाली असतात आणि मग गुडघे दुखतात. हेल्मेट हवेच. एकटीने वेगात जाण्यापेक्षा चार-सहा जणींनी मिळून, चाकामागे चाक ठेवून, आळीपाळीने पुढे यायला शिकावे. हे कौशल्य घरातल्या व्यायामाच्या सायकलवर येत नाही. राष्ट्रीय रस्ता स्पर्धेत मुलींसाठी वयोगटांप्रमाणे शर्यती असतात आणि तिथे जायचा मार्ग जिल्हा व राज्य सायकलिंग संघटनेच्या निवड चाचणीतून जातो. चाचणीच्या तारखा संघटनेकडे आधीच विचाराव्यात.

राहिला खाण्याचा प्रश्न. तास-दीड तासाहून लांब सराव असेल तर उपाशीपोटी जाऊ नये आणि बाटलीतले पाणी तहान लागायच्या आधीच, पंधरा-वीस मिनिटांनी घोट-घोट प्यावे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घामावाटे मीठही जाते, म्हणून एका बाटलीत मीठ-साखर-लिंबाचे पाणी असावे. खिशात केळे ठेवावे. युरोपातले नामांकित संघ शर्यतीत खायला काय बांधून देतात, तर मऊ शिजवलेल्या भाताच्या, किंचित गोड, चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या वड्या. त्या घरीही सहज करता येतात.